शब्दावर चालणारा बाजार : भाद्रपदातलं इंदूर

बुधवार

नाशिकहून रात्रीची बस धरली की धुळं, शिरपूर, सेंधवा मागे टाकत पहाटे इंदूर येतं. या खेपेला बिजासन घाटात ट्रक आडवा झाला होता, त्यामुळे इंदूर नऊ वाजता आलं आणि तेही पावसात. आत्याकडे रामबागेत पोचले तेव्हा गणपतीची आरती होऊन गेली होती. "पोहे झाकून ठेवलेत, जिलबी मात्र गार झाली," हे स्वागत. पोह्यांवर शेव, वर जिरावनचा मसाला, शेजारी जिलबी. या जोडीला नाशिककरांनी नावं ठेवायची नसतात. दुसऱ्या घासाला आपोआप पटतं.

निमित्त गणपतीचं असलं तरी माझा डोळा दुसरीकडे होता. मला इंदुरातले पाटी नसलेले धंदे पाहायचे होते. दुकान दुसऱ्याच्या ओट्यावर, माल दुसऱ्यानं टाकून दिलेला आणि करारपत्र म्हणजे तोंडचा शब्द, असे. आतेभाऊ मिलिंददादा स्वतः त्यातलाच. महाराणी रोडच्या मागे एका जिन्याखाली बसून तो जळालेल्या मोटरींत तांब्याची तार पुन्हा भरून देतो. जिना एका पंपवाल्याचा. भाडं शून्य. त्या बदल्यात पंपवाल्याच्या गिऱ्हाइकाची मोटर आली की हातातलं काम बाजूला ठेवायचं. ही बोली दादाच्या लग्नाआधीची आहे आणि अजून कुणी कागदावर आणलेली नाही.

जेवताना मी माझी पुस्तकी शिदोरी सोडली. घानातल्या अक्रा शहरात उत्तरेकडून आलेले गरीब लोक पगाराशिवाय किती तऱ्हांनी पैसा उभा करतात, हे कीथ हार्ट या मानववंशशास्त्रज्ञानं टिपलं. तो लेख १९७३चा. त्याच्या वर्षभर आधी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं केनियावरच्या अहवालात असल्या उद्योगांची नीट दखल घेतली होती. तोवर हे लोक म्हणजे कारखान्यात नोकरी लागेपर्यंत वेळ काढणारे, असाच बहुतेकांचा समज. आपल्याकडे २००४ साली अर्जुन सेनगुप्ता यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. शंभरातले नव्वदाहून जास्त कामकरी याच असंघटित खात्यात मोडतात, असं त्यानं सांगितलं. दादानं वरणभात कालवत सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे नव्वद आम्ही आणि आम्हाला मोजणारे दहा," एवढं म्हणून त्यानं पापड मागितला.

रात्री दहाला सराफ्यात. दिवसा इथं सोन्याचांदीच्या पेढ्या. संध्याकाळ उलटली की शटरं पडायला लागतात आणि त्याच शटरांपुढं कढया, तवे, पातेली येऊन बसतात. मध्यरात्र उलटून दोन वाजेपर्यंत पाय ठेवायला जागा नसते. गराडू या तळून खायच्या कंदाला अजून अवकाश, तो थंडीतला. भाद्रपदात खायचा तो भुट्ट्याचा कीस. कोवळं कणीस किसून हिंग-मोहरी-मिरचीच्या फोडणीवर तुपात परतायचं, दूध घालून आटवायचं, वर खोबरं, कोथिंबीर, लिंबू. पावसात उभं राहून खाल्ला. दहीवड्याचा द्रोण हवेत उडवून झेलण्याचे खेळ आता मोबाइलवाल्यांसाठी जास्त होतात, त्यामुळे तिकडे गेले नाही.

कीसवाल्याला विचारलं, ही जागा कुणाची? त्यानं पाठीमागच्या शटराकडे मान वळवली. शेठजींच्या आजोबांनी त्याच्या आजोबांना बसायला सांगितलं, असं घरात सांगतात. रात्री पेढीपुढं जाग राहावी म्हणून. चिठ्ठी ना चपाटी. अट एकच: सकाळी ओट्यावर बोट फिरवलं तर ते तेलकट होता कामा नये. म्हणून आधी ताडपत्री, तिच्यावर पत्रा, पत्र्यावर शेगडी. आणि उठताना सोड्याचं उकळतं पाणी ओतून खराट्यानं धुणं. दुकान बंद करायला निघालेला शेजारच्या पेढीचा गडी आणि शेगडी घेऊन आलेला पोऱ्या एकमेकांशी बोललेही नाहीत. एकानं कुलूप ओढून पाहिलं, दुसऱ्यानं ताडपत्री झटकली.

हे गोडीगुलाबीचं चित्र पूर्ण नाही. जुन्या पदार्थांच्या जोडीला मोमो, नूडल्स, चीजमध्ये बुडवलेलं काहीबाही येऊन बसलं, गर्दी फुगली, अरुंद गल्लीत गॅसचे सिलिंडर वाढले. ही रात्रीची खाण्याची चौपाटी इथून हलवा, ही सराफांची मागणी अधूनमधून जोर धरते. मला ती वावगी वाटत नाही. त्या गल्लीत आग लागली तर बंब शिरणार कुठून? पथविक्रेत्यांचा कायदा २०१४ चा. त्यानं विक्रेत्याला प्रमाणपत्र दिलं, नगर पथविक्रेता समिती दिली, आणि एकच जागा वेळ वाटून वापरायची तरतूदही त्याच्या परिशिष्टात आहे. सराफ्यानं ती वाटणी पिढ्यांआधी केली, पण किती जणांत करायची हे मात्र ठरवलं नाही, आणि भांडण आहे ते तिथंच. कीसवाल्याकडे ते प्रमाणपत्र आहे. २०२० च्या टाळेबंदीनंतर केंद्राच्या योजनेतलं दहा हजारांचं पहिलं कर्जही त्यानं घेऊन फेडलं. "सरकारनं विचारलं, जागा कुठली? मी म्हटलं, शेठची. ते म्हणाले, मग तुम्ही रस्त्यावरचे कसे?" कसा सुटला हा गुंता, ते त्यानं हसून टाळलं.

गुरुवार

सकाळी सराफ्याच्या मागच्या गल्ल्यांत. वर माड्यांवर कारागीर बसतात, बरेचसे बंगाली. खाली, जिन्यांच्या तोंडाशी, झारेकऱ्यांचं राज्य. इथं त्यांना न्यारिये म्हणतात. सोनाराच्या कारखान्यातला केर विकत घ्यायचा आणि त्यातून सोनं काढायचं, हा धंदा. दादाच्या ओळखीनं एका चाचांकडे बसायला मिळालं. पत्र्याची शेड, कोपऱ्यात भट्टी, आणि घशाला लागणारा तेजाबाचा वास.

केर म्हणजे नुसता झाडूचा केर नव्हे. कानशीनं घासताना उडालेला कीस, झिजलेला पॉलिश पेपर, कारागिरांनी हात धुतले त्या टाकीतला गाळ, पायाखालचं जुनं पोतं, सगळंच. दिवाळीच्या आधी चाचांचं पोतं सगळ्यात भारी भरतं, कारण तेव्हा कारखाने झाडूनपुसून काढतात. आजवरची रीत अशी: पोतं आलं की चाचा आधी हात घालत नाहीत. आणणाऱ्याला विचारतात, काम कसलं होतं? साखळ्यांचं, की ओतीव? साखळीत कापणं-घासणं जास्त, म्हणून केर श्रीमंत. मग चिमूटभर तळहातावर घेऊन थुंकीनं ओली करतात, उन्हाकडे तिरपी धरतात आणि आकडा बोलतात. घासाघीस जवळजवळ नाहीच. चुकलं तर चाचांचं नुकसान, फळलं तर चाचांचा फायदा. कारागीर परत विचारायला येत नाही. आणि एका कारखान्याचा केर एकाच झारेकऱ्याचा. कारखाना दुसऱ्याच्या हातात गेला तरी केराचं गिऱ्हाईक बदलत नाही. शेजारचा झारेकरी चार पैसे जास्त देऊन तो पळवत नाही. का? "उद्या मीही त्याचा पळवीन की," चाचा म्हणाले.

पुढचं काम मी अर्धा दिवस पाहत बसले. जळेल ते जाळायचं. राख खलून चाळायची. लोहचुंबक फिरवून लोखंडाचा भुगा उचलायचा. उरलेलं परातीत पाण्याबरोबर हलकं हलकं हेलकावायचं. माती वाहून जाते, जड ते तळाशी राहतं. मनगटाचा तो हेलकावा पुतण्याला अजून जमत नाही, म्हणून परात चाचांच्याच हातात. तळाशी उरलेला काळा गाळ सवागी, म्हणजे टाकणखार घालून मुशीत वितळवला की एक ओबडधोबड गोळी मिळते. सोनं, चांदी, तांबं सगळं तिच्यात.

आता तेजाब, म्हणजे नायट्रिक आम्ल. ते चांदी आणि तांबं खातं, सोन्याला शिवत नाही. पण गोळीत सोनं फार असेल तर तेजाबाला आत शिरताच येत नाही. म्हणून चाचा उलटंच करतात, गोळीत आणखी चांदी घालतात, सोनं साधारण चौथा हिस्सा होईपर्यंत. ऐकून माझा विश्वास बसेना, सोनं काढायला चांदी ओतायची? पण धातुशास्त्राच्या पुस्तकात अगदी हाच चौथ्या हिश्शाचा नियम आहे. चाचांनी ते पुस्तक पाहिलेलं नाही. चांदी वाया जात नाही. विरघळलेल्या पाण्यात तांब्याची पट्टी सोडली की तासाभरात तिच्यावर करडी लोकर चढते. ती चांदी. तळाशी उरतो तो तपकिरी भुगा, दिसायला विटेच्या चुऱ्यासारखा. तापवला की पिवळा.

तोळा लाखाच्या पुढं गेल्यापासून धंदा मात्र उलटा फिरलाय. मोठे कारखाने आता काचेच्या पेटीत हात घालून घासतात, खाली धूळ ओढणारं यंत्र. केर बाहेर पडतच नाही. रस्त्यावरची धूळ तर कधीच संपली. रात्री चौपाटी उठली की महापालिकेचा झाडू आणि पाण्याचे टँकर. २०१७ पासून देशातलं सगळ्यात स्वच्छ शहर म्हणून इंदूर मिरवतं, आणि त्या मिरवणुकीत झारेकऱ्याची माती धुऊन जाते. चाचांनी रडगाणं गायलं नाही. त्यांनी धंद्याचा सांधा बदलला. आता ते केर विकत घेत नाहीत, गाळून देतात. सोनं मालकाचं, मजुरी यांची. जोखीम मालकाकडे गेली, म्हणून फायदाही गेला. पण भांडवल अडकत नाही, आणि पुतण्याला उधार घ्यावं लागत नाही.

हे सगळं ऐकताना कौतुकानं मान डोलवणं सोपं आहे. शेडमध्ये तेजाब उकळताना लालसर तपकिरी धूर निघत होता आणि तो बाहेर टाकायला जुन्या कूलरचा पंखा, एवढीच सोय. पुतण्याच्या तोंडाला रुमाल. पूर्वी पारा वापरायचे: पारा सोन्याला कवळतो, मग तापवून उडवायचा, आणि उडालेला पारा श्वासात. चाचांच्या थोरल्या भावाचे हात कापतात. पाऱ्याचा वापर आवरण्याच्या मिनामाता कराराला भारतानं २०१८ मध्ये मान्यता दिली. या शेडमध्ये पारा थांबला तो भावाचे हात पाहून.

शुक्रवार

ईद-ए-मिलादमुळे काही गल्ल्या बंद होत्या, जेल रोड चालू. मोबाइलच्या सुट्या भागांचं इथलं मार्केट सगळ्या माळव्याला पुरतं. दादाच्या मित्राचा मुलगा, आमच्यातलाच, एका जिन्याच्या वळणावर तीन फुटांच्या टेबलावर बसतो. "ताई, चहा घ्या, तोवर हा मेलेला सेट जिवंत होतो का बघू."

बोर्डवर कुठंतरी शॉर्ट होता. बोर्डवर शेकडो कपॅसिटर, तांदळाच्या कणीपेक्षा लहान, त्यांतला एक फुटका. त्यानं सोल्डरिंगच्या टोकावर राळ लावली, धूर बोर्डवर धरला. बोर्डवर पांढुरकी साय धरली. मग बारीकसा विद्युतप्रवाह सोडला. बाकी सगळं पांढरं राहिलं, आणि एका ठिकाणची साय वितळून काळा ठिपका उमटला. "पकडला." गरम हवेनं तो कण उचलला, फोन सुरू. सगळं मिळून दहा मिनिटं. या कामासाठी महागडा थर्मल कॅमेरा मिळतो. याच्याकडे राळ आहे.

शिकला कुठं? थोडं व्हिडिओ पाहून, थोडं शेजारच्या टेबलाकडून. बोर्डचे नकाशे चिनी सॉफ्टवेअरमधून. सुटे भाग शेनझेनच्या ह्वाछ्यांगपै बाजारातून दिल्लीमार्गे. त्या बाजाराचीही गोष्ट अशीच. मीडियाटेक या चिप बनवणाऱ्या कंपनीनं चिप आणि सॉफ्टवेअर तयार एकत्र द्यायला सुरुवात केली आणि तिथल्या लहान लहान कारखान्यांनी बिननावाचे फोन काढायचा सपाटा लावला. दोन सिमचे, मोठ्या आवाजाचे. आधी त्यांना नकली म्हणून हिणवलं, मग मोठ्या कंपन्यांनी दोन सिमचा फोन काढला.

इथंही मला राळेपेक्षा टेबलांमधला व्यवहार जास्त भावला. मेलेल्या फोनचे बोर्ड कुणी फेकत नाही. कुणाकडे कुठल्या मॉडेलचा मेलेला बोर्ड आहे हे सगळ्यांना तोंडपाठ. हाक मारली की समोरचा आपला बोर्ड सरकवतो, त्यावरची चिप उचलायची, पैसे संध्याकाळी. एखाद्याकडे अवघड काम आलं तर तो ते जमणाऱ्याच्या टेबलावर नेतो, गिऱ्हाइकाला पत्ताही लागत नाही. कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती लोकांना द्यावी म्हणून सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये राइट टु रिपेअरचं पोर्टल काढलं. मी दाखवलं तेव्हा त्यानं ते पहिल्यांदा पाहिलं, आणि लगेच विचारलं, "यात बोर्डचा नकाशा मिळतो का?"

'जुगाड' म्हणून ज्याचं एवढं कौतुक होतं त्याचा मला थोडा कंटाळा आलाय. तुटकं जोडलं, फुकटचं वापरलं, वाहवा. ते तर आपल्या प्रत्येक घरात चालतं. या बाजारांत बुद्धी खर्च झाली आहे ती देण्याघेण्याच्या बोलीवर. ओटा कुणाचा कुठल्या वेळेला, केर कुणाचा, बोर्ड कुणी कुणाला कधी द्यायचा. यंत्र कुणीही नक्कल करील. ही बोली दुसऱ्या शहरात नेऊन बसवून दाखवा. आणि तिला दुसरी बाजूही आहे. बाहेरचा मुलगा या जिन्यावर टेबल टाकू शकत नाही. बाई तर मला एकही दिसली नाही.

संध्याकाळी छप्पन दुकान. २०२० मध्ये नवं रूप देऊन गाड्यांना बंदी केलेला खाण्याच्या दुकानांचा रस्ता. बाकडी, दिवे, झाडं, सगळं टापटीप. खोबऱ्याचं पॅटिस छान. अर्ध्या तासात परतले.

शनिवार

अनंत चतुर्दशी. इंदुरात या दिवशी गणपती बघायला कुणी जात नाही, झांकी बघायला जातात. कापडगिरण्यांच्या कामगारांनी बसवलेले हलते देखावे, रात्रभर चालणारी मिरवणूक. १९२४ मध्ये हुकुमचंद मिलनं सुरुवात केली, मग मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी अशा गिरण्या त्यात आल्या. पुढं गिरण्या एकेक करत बंद पडल्या. हुकुमचंद मिलच्या कामगारांचं थकलेलं देणं, सुमारे २२४ कोटी, मिळायला डिसेंबर २०२३ उजाडला. झांकी मात्र बंद पडली नाही. महापालिका आणि विकास प्राधिकरण मदत देतात, उरलेलं वर्गणीतून.

सकाळी दादाबरोबर एका गिरणीच्या आवारात. देखाव्याच्या गाड्यांवर शेवटचा रंग चढत होता. कृष्ण, गोवर्धन, गाई. कृष्णाच्या मानेत ट्रकच्या वायपरची मोटर. दादानं ती निवडली त्याला कारण आहे. तिच्यात स्क्रूच्या आट्यांसारखा दात असलेला गिअर असतो. वेग कमी, जोर जास्त, आणि वीज गेली तरी मान आहे तिथंच राहते, लुढकत नाही. गाईची शेपटी सायकलच्या चेनवर. गोवर्धन वर-खाली होतो तो लोखंडी क्रँकवर, भंगारातून आणलेल्या.

पण माझं लक्ष खिळलं ते गाडीखालच्या एका जुन्या लाकडी रुळाकडे. हातभर लांब, अंगावर तांब्याच्या लहान-मोठ्या पट्ट्या ठोकलेल्या, वर पितळी ब्रशांची ओळ. रूळ मोटरनं सावकाश फिरतो, पट्टी ज्या ब्रशाखाली येते तो दिवा लागतो. एलईडीच्या तयार पट्ट्या आल्यापासून त्याची गरज नाही, तरी एका कमानीसाठी तो अजून लावतात. आतोबा आमच्याबरोबर होते. ते एका मिलमध्ये विव्हिंग खात्यात होते. रुळाकडे बोट दाखवून म्हणाले, "ही डॉबीच की." मागावर नक्षी काढायला डॉबी असते, लाकडी पट्ट्यांवर खुंट्या ठोकलेल्या. जिथं खुंटी तिथं ताण्याचे धागे उचलले जातात, जिथं नाही तिथं खाली. कापडात फूल उमटवायला जे हात खुंट्या ठोकत होते त्यांनीच गणपतीपुढं दिव्यांचं फूल उमटवलं असेल का? कुणी खात्रीनं सांगेना. आतोबांना मात्र शंका नव्हती. गाडीखाली वाकून त्यांनी एक ढिली पट्टी बोटानं दाबून पाहिली आणि कुणाला न विचारता हातोडी मागितली.

मोटरींचा व्यवहार असा: दादा विकत नाही. गणपतीच्या आधी मोटरी भरून, तपासून द्यायच्या, विसर्जनानंतर परत घ्यायच्या, मध्ये जळली तर पुन्हा भरून द्यायची. झांकीवाल्यांना एका रात्रीसाठी खरेदी परवडत नाही, आणि दादाच्या जिन्याखालचं भंगार वर्षातून एकदा कामाला लागतं.

रात्री जेल रोडवरून कृष्णपुऱ्याकडे, तिथून राजवाड्याकडे. पुढं आखाडे: लाठ्या, पट्टे, आगीची चक्रं, बनेठी फिरवणारी दहा वर्षांची पोरं. उस्तादांच्या नावाचे फलक नवरदेवाच्या वरातीत असावेत तसे सजवलेले. मोबाइलवाला पोरगा तिथं भेटला, कमरेला फेटा बांधून, लाठी हातात. दिवसा जिन्यावर, रात्री आखाड्यात. "ताई, सेट चालतोय का?" एवढं विचारून तो फळीत घुसला. आमचा कृष्ण रात्री दोनच्या सुमारास आला. मान व्यवस्थित वळत होती. गाईची शेपटी अडकली होती. दादा शिव्या घालत गाडीखाली शिरला आणि चालत्या गाडीखालून पुढच्या चौकात बाहेर आला. आत्याला हे सांगायचं नाही असं ठरलं.

रविवार

दुपारी मोटरी परत घ्यायला गेलो. गाडा उघडाबोडका, कृष्ण गोणपाटाखाली. मोजल्या तर एक वायपरची मोटर कमी. झांकीवाला म्हणाला, गरब्याच्या मंडपात देवीसाठी दिली, नवरात्र झालं की येईल.

"भाडं?" दादानं विचारलं.

"त्यांच्याकडून घे. मी सांगून ठेवलंय, मोटर तुझी आहे म्हणून."

"आणि जळली तर?"

"तर तू भरून देशील. गणपतीचं ठरलं होतं तसंच."

दादा थोडा वेळ तिरपं बघत राहिला, मग गरब्यासाठी वेगळा दर सांगितला, दीडपट. झांकीवाल्यानं सव्वापट म्हटलं. मी बस पकडायला निघाले तेव्हा दोघं अजून तिथंच उभे होते.